तेरावा झाल्यावर वाडा कुणाचा?

आपल्याकडे घरातले मोठे माणूस गेले की बारा-तेरा दिवस घर पुन्हा भरते. पुण्याहून, इंदूरहून, बंगळुरूहून, कधी थेट अमेरिकेहून मुले-सुना येतात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या माडीवरच्या खोल्या उघडतात, जुने अल्बम निघतात, रडता रडता हसूही येते. मग तेराव्याची पंगत उठते, परतीची तिकिटे दुसऱ्या दिवसाची असतात आणि कुणीतरी पान लावता लावता विचारते, "मग आता घराचे काय करायचे?"

इथून पुढे काय होते ते कंपूत, निंबाळकरांच्या गोठीत, दौलतगंजात, जिवाजीगंजात आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. काही घरांत अर्ध्या तासात ठरते. काही घरांत त्या दिवसापासून भाऊ-बहिणींचे बोलणे बंद होते, आणि गणपतीच्या आरतीला दोघे आले तरी मंडपाच्या दोन टोकांना उभे राहतात. सभासदांकडून आम्हांला अलीकडे सर्वांत जास्त प्रश्न याच विषयावर येतात. म्हणून ओळखीतल्या वकील मंडळींशी बोलून, कायदे आणि निकाल वाचून जे समजले ते इथे मांडत आहोत. हे हिंदू वारसा कायद्यापुरते आहे. आणि हा लेख वकिलाची जागा घेणार नाही, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचे ते तरी कळेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या पाहण्यातली निम्मी भांडणे तिथूनच सुरू होतात. एखाद्या कागदावर आपले नाव असणे आणि त्या वस्तूचे मालक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या पासबुकात नॉमिनी म्हणून नाव, नगर निगमाच्या संपत्तीकराच्या रसिदीवर नाव, तहसिलीत झालेले फौती नामांतरण, विजेच्या बिलावरचे नाव, एवढेच काय, हातात असलेली किल्ली: यांपैकी कशानेही कुणी आई-वडिलांच्या मिळकतीचा एकटा मालक होत नाही. ज्याच्या हातात असा कागद असतो त्याला वाटते आपले काम झाले. ज्यांच्या हातात नसतो त्यांना वाटते आपल्याला फसवले. बहुतेक वेळा दोघांचाही समज चुकीचा असतो.

कालनिर्णयच्या घरातला खटला

याचे सर्वांत ठळक उदाहरण अशा एका घरातले आहे, की त्या घरातून आलेली वस्तू आपल्या प्रत्येकाच्या भिंतीवर टांगलेली असते. 'कालनिर्णय'चे संस्थापक ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी गेले. त्यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केलेले होते. मागे मिळकती होत्या, मुदत ठेवी होत्या, म्युच्युअल फंडांत गुंतवणूक होती, आणि त्या गुंतवणुकीवर घरातल्याच काहींची नावे नॉमिनी म्हणून होती. वाद न्यायालयात गेला तेव्हा नॉमिनींचे म्हणणे असे की कंपनी कायद्यातल्या शब्दांप्रमाणे ही गुंतवणूक आता पूर्णपणे आमची. मृत्युपत्राचा किंवा इतर वारसांचा तिच्याशी संबंध नाही.

हे म्हणणे हवेतले नव्हते. २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोकाटे खटल्यात शेअर्सबाबत तसाच निर्णय दिला होता आणि मृताच्या पत्नीला नॉमिनीपुढे हार पत्करावी लागली होती. साळगावकर खटल्यात उच्च न्यायालयाने तो विचार मानला नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल लागला: नॉमिनी हा मालक नव्हे. कंपनीने किंवा फंडाने पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढाच प्रश्न नॉमिनेशनने सुटतो. त्या हातातून ते पुढे मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे, ज्याचे त्याला जातात. वडील गेल्यापासून या निकालापर्यंत दहा वर्षे गेली.

बँक खात्याचेही तसेच आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चारपर्यंत नॉमिनी देता येतात, ही सोय चांगली आहे आणि सर्वांनी ती वापरावी. पण चार नावे लिहिली म्हणजे चार मालक नेमले असे नाही. आयुर्विम्याचे मात्र २०१५ पासून थोडे निराळे झाले आहे. तिथे आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर कायदा त्यांना लाभार्थी म्हणतो, आणि त्या शब्दाचा अर्थ किती ताणायचा यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. विम्याची रक्कम मोठी असेल तर वेगळे विचारून घ्यावे.

नामांतरणाबद्दलही असाच निर्वाळा आहे, आणि तो आपल्या मध्य प्रदेशातल्याच एका खटल्यात. जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, की नामांतरण सारावसुलीच्या सोयीसाठी असते. त्याने मालकी मिळत नाही आणि जात नाही. मृत्युपत्रावरून वाद असेल तर तो तहसीलदाराने सोडवायचा नाही, दिवाणी न्यायालयाने सोडवायचा. तेव्हा 'दादाने गुपचूप नामांतरण करून घेतले' असे कळल्यावर घाबरून जाऊ नये. हरकत जरूर नोंदवावी, पण घर हातचे गेले असे समजू नये. आणि दादानेही समजून घ्यावे, की त्या आदेशाची प्रत फ्रेम करून लावण्याजोगी नाही.

मिळकत आली कुठून?

'वडिलोपार्जित' हा शब्द आपण फार सैल वापरतो. आजोबांनी बांधलेला वाडा वडिलांकडे आला, म्हणून तो वडिलोपार्जित, म्हणून नातवाचाही त्यात जन्मतः हक्क, असे बहुतेकांना वाटते. कायद्यात मात्र १७ जून १९५६ ही तारीख मध्ये उभी आहे. त्या दिवशी हिंदू वारसा कायदा लागू झाला. आजोबांची स्वतःची मिळकत असेल आणि ते त्यानंतर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर तिच्यातला वडिलांना मिळालेला हिस्सा ही वडिलांची स्वतःची मिळकत होते. चंदर सेन खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. वडील तिचे मृत्युपत्र करू शकतात, ती विकू शकतात. मुलाला जन्माने त्यात काही मिळत नाही.

वाडा त्याहून जुना असेल, म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे स्थिरावून लष्कर वसले त्यानंतर पलटणींबरोबर आलेल्या एखाद्या पूर्वजाचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न होता एकत्र चालत आलेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे एकत्र कुटुंबाचा नियम लागतो आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलाइतकीच जन्मतः हिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पंधरा वर्षे गोंधळ होता. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो संपवला: वडील हयात असण्याची अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी होऊन गेली असेल, तर ती उकरून काढता येत नाही.

आपल्या ग्वाल्हेरात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. जमीन नजूलची आहे का? असेल तर पट्ट्याच्या अटी काय आहेत? आणि वाड्यातले किंवा वाड्याला लागून असलेले मंदिर माफीचे आहे का? संस्थानाने देवाच्या पूजेसाठी दिलेली माफी ही पुजाऱ्याच्या किंवा सेवेकऱ्याच्या घरची मिळकत नव्हे. २०२१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या माफी जमिनींबद्दल सांगितले, की मालक देव आहे आणि पुजारी व्यवस्थापक. त्या निकालात ग्वाल्हेर संस्थानच्या माफी कायद्याचाही विचार झाला आहे. तेव्हा राममंदिराचे अंगण वाटणीपत्रात घालण्याआधी जुना कागद काढून वाचावा.

मृत्युपत्र नसेल तर

वडिलांची स्वतःची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुलगे, मुली, पत्नी आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही. सर्वांचा वाटा सारखा. लग्न झालेली मुलगी, न झालेली मुलगी असा भेद नाही, आणि हे २००५ पासूनचे नाही, १९५६ पासूनचे आहे. फक्त राहत्या घराबाबत एक पेच होता: कलम २३ प्रमाणे घरात पुरुष वारस राहत असतील तर ते स्वतः वाटणी करेपर्यंत मुलीला वाटणी मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीत ते कलमच काढून टाकले. आपल्या कित्येक आत्या-मावश्यांना 'तुला मागताच येत नाही' असे सांगितले गेले, ते एके काळी अर्धे खरे होते. आता तेवढेही नाही.

आई गेली तर तिच्या मिळकतीला दुसरे कलम लागते. तिचे मुलगे, मुली आणि पती हे वारस. एखादा मुलगा आधीच गेला असेल तर त्याची मुले त्याच्या जागी येतात, पण त्याची पत्नी येत नाही. वडिलांच्या मिळकतीत मात्र ती विधवा सून वारस असते. वर्षानुवर्षे सासूची सेवा केलेल्या वहिनीला हे कळते तेव्हा तिला बसणारा धक्का आम्ही पाहिला आहे. आईने दोन ओळींचे मृत्युपत्र केले असते तर तो टळला असता.

सेवेचाच विषय निघाला तर तो पुरता बोलू, कारण कंपूतल्या भांडणांचा गाभा तोच आहे. एक मुलगा किंवा एक मुलगी इथे राहते. जयारोग्यच्या फेऱ्या, रात्रीची जागरणे, गळणारे छप्पर, संपत्तीकर, पाण्याची मोटर, सगळे तिच्या अंगावर. बाकीची भावंडे बाहेर. दिवाळीला येतात, फोन करतात, कधी पैसे पाठवतात. आई-वडील गेल्यावर बाहेरची म्हणतात, 'सारखे वाटे करू.' इथली म्हणते, 'वीस वर्षे तुम्ही कुठे होतात?' दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कायदा मात्र सेवेबद्दल एक पैसाही जास्त देत नाही. न्यायालयात 'मी सांभाळले' हे सांगून हिस्सा वाढत नाही. दुरुस्तीचा खर्च, भरलेले कर, फेडलेले कर्ज यांचा हिशेब मागता येतो, पण त्याच्या पावत्या लागतात, आणि आईच्या औषधाच्या पावत्या जपून ठेवणारे मूल विरळच. आमचे मत असे, की सेवेची भरपाई करण्याचे काम आई-वडिलांचे आहे आणि त्यांनी ते हयातीतच, सगळ्यांना सांगून, मृत्युपत्राने करावे. त्यांनी ते केले नसेल तर भावंडांनी तडजोडीत त्याला काही किंमत द्यावी. न्यायाधीशाच्या हातात ते नाही.

हक्कसोडीबद्दलही थोडे. 'ताईने लग्नाच्या वेळीच लिहून दिले होते' असे म्हटले जाते. वडील जिवंत असताना मुलीला मिळायचे होते ते नुसते भविष्यातले शक्य होते, आणि जे अजून मिळालेलेच नाही ते सोडता येत नाही. असा कागद सामान्यतः टिकत नाही. तेराव्याच्या गडबडीत साध्या कागदावर घेतलेल्या सह्यांचेही तेच. स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी केलेला दस्त हवा. बहिणीला खरेच काही नको असेल तर तिला घरी जाऊ द्या, दोन महिने विचार करू द्या, मग रजिस्ट्री करा. रडत्या डोळ्यांनी घेतलेली सही पुढे दहा वर्षे छळते.

मृत्युपत्र असेल तर

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, साध्या कागदावर हाताने लिहिलेले चालते. करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी त्याला सही करताना पाहिले किंवा 'ही माझी सही' असे त्याच्या तोंडून ऐकले आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही केली, एवढे हवे. ग्वाल्हेरात केलेल्या, इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे कधीच नव्हते. ते मुंबई, कोलकाता, चेन्नईसाठी होते. तिकडे कुणाचा फ्लॅट असेल तर तिथल्या वकिलाला आजचा नियम विचारावा, कारण ती तरतूद अलीकडेच बदलली आहे.

वाद झाला तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्यालाच ते सिद्ध करावे लागते आणि निदान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावा लागतो. इथे आपली माणसे एक गोड चूक करतात. पंचाऐंशी वर्षांचे काका आपल्याच वयाच्या दोन मित्रांच्या साक्षी घेतात. काका जातात तोवर दोन्ही मित्र आधीच गेलेले असतात. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण, गावातच राहणारा आणि ज्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा असावा.

१९५९ चा वेंकटाचल अय्यंगार खटला वकील आजही पुढे ठेवतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मृत्युपत्राभोवती संशयाचे वातावरण असेल तर ते दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्याची. थरथरती सही, आजारपणातली तारीख, ज्याला सगळे मिळाले त्यानेच पुढाकार घेऊन करवलेला दस्त, पत्नीला किंवा एका मुलाला कारण न देता वगळणे, असले काही असेल तर शंका घेतली जाते. म्हणून कुणाला कमी द्यायचे असेल तर का, ते एका वाक्यात लिहावे. 'धाकट्याला घर घेताना मी पैसे दिले होते' एवढे पुरते. नोंदणी असली की मृत्युपत्र अभेद्य, असेही नाही. आणि शेवटचे मृत्युपत्र खरे धरले जाते: आधीचे नोंदलेले आणि नंतरचे न नोंदलेले असेल, तरी सिद्ध झाल्यास नंतरचेच चालते.

बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी गेले. त्यांचे मृत्युपत्र १३ डिसेंबर २०११ चे होते. एका मुलाने प्रोबेट मागितले. दुसऱ्याने हरकत घेतली, की वडील तेव्हा समजून-उमजून मृत्युपत्र करण्याच्या अवस्थेत नव्हते. मग उलटतपासण्या, आजारपणाची चर्चा, घरातल्या गोष्टी वर्तमानपत्रांत. २०१८ मध्ये हरकत मागे घेतली गेली आणि खटला मिटला. अशा खटल्यात गेलेल्या माणसाची तब्येत, स्मरणशक्ती, राग-लोभ हे सगळे साक्षीच्या पिंजऱ्यात येते. मोठ्या घरांना ते सोसावे लागते, तर आपली काय कथा.

उशीर केल्याने काय होते

आपल्या शहराला यासाठी लांब पाहायला नको. जयविलासचा वाद आपण सगळेच ऐकत मोठे झालो. जिवाजीराव महाराज १९६१ मध्ये गेले. संस्थानी परंपरेप्रमाणे सर्व थोरल्याचे, की १९५६ च्या कायद्याप्रमाणे सर्व वारसांचे, हा त्या वादातला मूळ प्रश्न. त्यात आई आणि मुलातला दुरावा आला, राजमातांच्या हस्ताक्षरातले १९८५ चे मृत्युपत्र आणि त्यावरचे वाद आले. राजमाता विजयाराजे २५ जानेवारी २००१ रोजी गेल्या आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला माधवराव महाराज विमान अपघातात गेले. वाद त्यामुळे संपला नाही. तो आत्या आणि भाचा यांच्यात गेला. कोण बरोबर हे ठरवणे आमचे काम नाही, आणि त्या घराबद्दल आपल्या मनात जो आदर आहे तोही कमी होत नाही. पण खटला वारशाने पुढच्या पिढीला मिळतो, हे मात्र तिथे डोळ्यांनी दिसते.

आपल्या आकाराचे एक कल्पित उदाहरण घेऊ. वडील १९८८ मध्ये गेले. वाडा त्यांचा स्वतःचा, मृत्युपत्र नाही. मागे आई, दोन मुलगे, दोन मुली: पाच जण, प्रत्येकी एक पंचमांश. 'आई आहे तोवर कशाला' म्हणून विषय काढला नाही. १९९९ मध्ये आई गेली, आता चार भावंडे आणि प्रत्येकी पाव हिस्सा. चौघे एका शहरात होते, चार सह्या पुरल्या असत्या. पण 'होईल सावकाश' असे झाले. २०११ मध्ये थोरला गेला. त्याची पत्नी आणि दोन मुले, म्हणजे प्रत्येकी बारावा हिस्सा. २०२० मध्ये थोरली मुलगी गेली. तिचे पती आणि तीन मुले, प्रत्येकी सोळावा. आज वाड्याचे मालक नऊ आहेत, पाच शहरांत, त्यातला एक अजून अज्ञान आहे आणि त्याचा हिस्सा विकायचा तर न्यायालयाची परवानगी लागणार. एका मेहुण्याने दुसरे लग्न केले आहे. दोन भाचरांनी वाडा आयुष्यात एकदाच पाहिला आहे. त्यांना वाड्यातला झोपाळा आठवत नाही, नेटवर पाहिलेला भाव आठवतो. आणि पावसाळ्यात पडलेली मागची भिंत कुणी बांधायची, हे कुणालाच माहीत नाही.

दावा लावायची वेळ आलीच तर

वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात लागतो. आधी कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा प्राथमिक हुकूम, मग प्रत्यक्ष वाटणीचा अंतिम हुकूम. या दोन पायऱ्यांच्या मधेच पुष्कळ प्रकरणे अडकतात. दोन खोल्यांचे घर नऊ जणांत तोडता येत नाही, तेव्हा १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे न्यायालय विक्रीचा मार्ग घेऊ शकते. कुणी रागाने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला, तर तो बाहेरचा माणूस सरळ येऊन राहत्या घरात बसू शकत नाही. तो वाटणी मागायला न्यायालयात आला, तर घरातल्या हिस्सेदाराला तोच हिस्सा योग्य किमतीत घेण्याचा हक्क आहे. विकण्याआधी इतर वारसांना पहिली संधी देण्याची तरतूदही वारसा कायद्यात आहे. हिस्सा विकायची धमकी मिळाली की लोक घाबरून पडेल किमतीला तयार होतात, म्हणून हे सांगितले.

वर्षे गेली म्हणून सहहिस्सेदाराचा हक्क आपोआप बुडत नाही. पण कुणी उघडपणे 'तुझा यात काही संबंध नाही' असे सांगून बाहेर काढले असेल, तर तिथून बारा वर्षांची मुदत मोजली जाऊ शकते. तशी नोटीस किंवा तसा व्हॉट्सअॅप संदेश आला तर तो मनाला लावून घेण्याऐवजी जपून ठेवावा आणि उत्तर द्यावे.

ठेवी आणि शेअर्स यांसाठी बँक वारसा प्रमाणपत्र मागते. ते जिल्हा न्यायालयातून मिळते, जमीन-घराला ते चालत नाही. आणि गेलेल्या माणसाचे देणे असेल, तर वारसांना ते मिळालेल्या मिळकतीपुरतेच फेडावे लागते. 'तुमच्या वडिलांनी माझ्याकडून पाच लाख घेतले होते' असे म्हणत कुणी तेराव्यालाच दारात आले, तर त्याला चहा द्यावा, कागद मागावा आणि त्या दिवशी कशावरही सही करू नये.

तडजोड लिहायची कशी

कौटुंबिक तडजोडीकडे न्यायालये फार आपुलकीने पाहतात. १९७६ च्या काळे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घरातला वाद मिटवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेली तडजोड शक्यतो मोडायची नाही. ती तोंडीही होऊ शकते. आधी तोंडी ठरले आणि नंतर आठवणीसाठी ते लिहून ठेवले, तर त्या टिपणाला नोंदणी लागत नाही. पण हक्क त्या कागदानेच देत-घेत असाल तर नोंदणी लागते. हा फरक एका क्रियापदाचा आहे, 'ठरले होते' की 'ठरवत आहोत', आणि त्यावर दावे हरले-जिंकले गेले आहेत. वाडा मोठा असेल तर पैसे वाचवू नयेत, नोंदणी करून टाकावी. दावा आधीच लागला असेल तर लोकअदालतीत तडजोड नोंदवता येते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

बसण्याआधी तीन गोष्टी तयार ठेवा: मूळ रजिस्ट्री किंवा पट्टा, सर्व हयात वारसांची वंशावळ, आणि घराचा एखाद्या तटस्थ माणसाने काढलेला अंदाजे भाव. भाव माहीत नसताना झालेली तडजोड दोन वर्षांनी 'आम्हांला कमी सांगितले' या वाक्यावर मोडते. सुना-जावयांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात किंवा बागेत बसावे, असे आमचे प्रांजळ मत आहे, आणि त्यावर आम्हांला बोलणी खावी लागतील हेही माहीत आहे. एका मोठ्या माणसाला मध्ये बसवावे, पण त्या माणसाला वाड्यात रस नसावा.

आणि घराआधी कपाटाचे ठरवावे. आईच्या पाटल्या, नथ, चांदीचे ताट, वडिलांची सतार किंवा घड्याळ यांचे भांडण किमतीचे नसते, म्हणूनच ते मिटत नाही. आईचे स्त्रीधन कायद्याने मुलगे-मुली आणि वडील यांत सारखे जाते, तरी पुष्कळ घरांत दागिने मुली-सुनांनी आपसांत ठरवून घेतले आणि कुणी तक्रार केली नाही. फोटो काढून यादी करावी, सर्वांना पाठवावी, मग ज्याला जे हवे ते त्याने सांगावे. देव्हाऱ्यातले टाक बहुधा थोरल्याकडे जातात, पण थोरला परदेशात असेल आणि नवरात्राचा घट इथेच बसत असेल, तर ते इथेच राहू द्यावेत आणि बाकीच्यांनी सराफ्यातून नवे टाक घडवून पूजेत ठेवून न्यावेत. तशी रीत आपल्यात आहेच.